घराची श्वासनलिका



दम्याचा किंवा जुन्या खोकल्याचा वयस्क रुग्ण समोर बसला की स्टेथोस्कोप कानाला लावण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो. "तुम्ही झोपता त्या खोलीला ओल आहे का?" बहुतेक जण जरा ओशाळून म्हणतात, "थोडीशी आहे, पण ती दरवर्षीचीच." दरवर्षीची असल्यामुळे तिच्याकडे कुणी आजाराचे कारण म्हणून पाहत नाही. भिंतीवर बुरशी धरते, तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात, आणि आधीच नाजूक झालेल्या फुप्फुसांना रात्रभर त्याच हवेत श्वास घ्यावा लागतो. औषध वाढवत जावे आणि भिंत तशीच राहावी, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आजच्या लेखात ओल येण्याच्या अशा एका जागेविषयी लिहितो आहे जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. ती जागा म्हणजे दगडाविटांचे धुराडे. 'चिमणी' म्हटले की हल्ली ओट्यावरची विजेची चिमणी डोळ्यांपुढे येते. म्हणून मी जुनाच शब्द वापरतो. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान येथील जुन्या बंगल्यांत आजही अशी धुराडी उभी आहेत. ज्यांची मुले इंग्लंड-अमेरिकेत आहेत, त्यांनी तिथल्या घरांच्या छपरांवर ती पाहिली असतील. आणि ज्यांच्या घरी धुराडे नाही त्यांनीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. कारण यात सांगायची मुख्य गोष्ट आपल्या सदनिकेतील न्हाणीघरालाही तितकीच लागू पडते.

एक डाग आणि एक ताडपत्री

काही वर्षांपूर्वीची ही हकीकत माझ्या स्वतःच्या घरची आहे. तीत चूक माझी आहे, आणि म्हणूनच ती सांगण्याचा मला अधिकार आहे असे वाटते.

महाबळेश्वरला आईच्या माहेरचे एक लहानसे घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि दिवाणखान्यात भिंतीतली फायरप्लेस. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच. सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८२८च्या सुमारास, तेथे इंग्रजांचे आरोग्यधाम वसू लागले. आजारी सैनिकांनी थंड हवेत बरे व्हावे हा त्यातला एक हेतू होता. पण आरोग्यासाठी नावाजलेल्या त्याच गावात वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाऱ्याबरोबर आडवा येणारा तो पाऊस भिंतींना झोडपून काढतो. म्हणून पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना गवताचे आच्छादन बांधण्याची तिकडे पूर्वापार रीत होती. आता गवताची जागा बहुतेक ठिकाणी प्लास्टिकने आणि पत्र्याने घेतली आहे.

आमच्या फायरप्लेसच्या वर, छताजवळ, एक तपकिरी डाग होता. दर पावसाळ्यात तो वीतभर खाली उतरत असे. खोलीला भिजलेल्या काजळीचा उग्र वास येई. माझे वडील तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुना आजार. त्या खोलीत दोन रात्री काढल्या की त्यांचा खोकला बळावत असे. कारण उघड होते. धुराड्याच्या तोंडातून पाऊस आत येतो, तर तोंडच बंद करावे, असा सोपा निष्कर्ष मी काढला. मे महिन्यात एका मजुराला घेऊन गेलो आणि धुराड्याच्या माथ्यावर जाड ताडपत्री ओढून तारेने घट्ट आवळून टाकली. दिवाळीपूर्वी ती काढायची, असे मनाशी ठरवले. ते कुठे लिहून ठेवले नाही, कुणाला सांगितले नाही. त्या पावसाळ्यात जुना राखणदार काम सोडून गेला आणि नवा आला.

नोव्हेंबरमधली ती रात्र

दिवाळीनंतर आई, बाबा आणि बाबांची रात्रंदिवस देखभाल करणाऱ्या मावशी असे तिघे चार दिवसांसाठी वर गेले. मी पुण्यात दवाखान्यात होतो. संध्याकाळी गारठा वाढला. बाबांना धूर सोसत नाही म्हणून राखणदाराने कोळसे अंगणात पेटवले, धूर पूर्ण निघून गेल्यावर लालबुंद निखारे घमेल्यातून आणून फायरप्लेसमध्ये ठेवले. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. धुराड्याच्या माथ्यावरची ताडपत्री खालून दिसत नव्हती. आणि निखाऱ्यांना धूर नसल्यामुळे वाट बंद आहे हे खोलीत कुणाला कळण्याचे कारण नव्हते.

रात्री साडेनऊला आईचा फोन आला. "अरे, ह्यांना मळमळतंय. एकदा उलटी झाली. माझंही डोकं जड झालंय."

मी डॉक्टरी सवयीने प्रश्न विचारले. जेवण काय केले? घाटात गाडी लागली का? रक्तदाब किती? बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायला सांगितले. आकडा आला ९६. एरवी बाबांचा आकडा ९३-९४ असायचा. मला हायसे वाटले. घाटाचा प्रवास, दिवाळीचे फराळाचे पदार्थ, वय; पित्त झाले असावे. एक गोळी सांगितली आणि म्हणालो, "झोपा आता. सकाळी बोलू."

आई फोन ठेवणार इतक्यात मागून मावशींचा आवाज ऐकू आला. "डॉक्टरसायेब, माजंबी डोकं लई ठणकतंय. पन म्हनलं, म्या कुठं सांगू."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. वेगवेगळ्या वयाची तीन माणसे, एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी, एकाच तक्रारीने आजारी. हे तिघांचे तीन आजार नव्हेत. ही खोलीतली हवा होती. आणि त्याच क्षणी मला ताडपत्री आठवली.

"आई, आत्ताच्या आत्ता तिघेही बाहेर या. शाल, औषधं काही घेऊ नका. दार उघडं टाका आणि अंगणात या." मावशींनी बाबांना जवळजवळ उचलूनच बाहेर आणले. राखणदाराने गाडी बोलावली. जवळच्या रुग्णालयात तिघांनाही तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला गेला. पहाटे मी पोहोचलो तेव्हा तिघेही शुद्धीवर होते आणि आई मलाच विचारत होती, "तू जेवलास का?"

मी त्यांना झोपायला सांगितले होते. मावशी बोलल्या नसत्या तर ती तिघे झोपली असती, आणि मला सकाळी फोन करायला कुणी उरले नसते. तेहतीस वर्षांच्या वैद्यकीत मी दिलेला हा सर्वांत धोकादायक सल्ला. सकाळी राखणदाराला शिडी लावून ताडपत्री काढायला सांगितली. खाली उतरल्यावर तो म्हणाला की आतून ती थेंबांनी डवरली होती आणि धुराड्याच्या आतल्या दगडांवर काळी-हिरवी बुरशी माजली होती. म्हणजे ज्या ओलीसाठी हा खटाटोप केला, ती ओलही मी थांबवली नव्हती. पाऊस बाहेर ठेवला, पण भिंतीत मुरलेल्या दमटपणाला बाहेर पडायची वाट उरू दिली नाही.

रंग नाही, वास नाही

कोळसा, लाकूड, गॅस, रॉकेल, कोणतेही इंधन पुरेशा हवेअभावी अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत तो थोडा जरी असला तरी रक्तात ठाण मांडून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. धगधगणाऱ्या निखाऱ्यांतून धूर येत नसला तरी हा वायू येतच राहतो. 'धूर गेला म्हणजे धोका गेला' ही समजूत म्हणूनच घातक आहे.

आता ऑक्सिमीटरविषयी. करोनानंतर हे यंत्र घरोघरी आले आणि त्याच्या आकड्यावर आपला फार विश्वास बसला. ते यंत्र रक्ताच्या लाल रंगावरून अंदाज करते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही लालच दिसते. त्यामुळे मेंदूला ऑक्सिजन पुरत नसतानाही यंत्र ९६, ९८ असे आकडे दाखवू शकते. बाबांचा आकडा नेहमीपेक्षा चांगला आला होता, आणि तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. ही विषबाधा ओळखण्यासाठी रुग्णालयात रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. म्हणून तिथे पोहोचताच "बंद खोलीत कोळसे पेटले होते" हे स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर तिथल्या डॉक्टरांचाही माझ्यासारखाच गैरसमज होऊ शकतो.

लक्षणे अगदी साधी असतात: डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, थकवा, छातीत धडधड. हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखू शकते. वृद्धांमध्ये कधी केवळ गोंधळल्यासारखे बोलणे एवढेच दिसते आणि घरचे 'वय झाले' म्हणून सोडून देतात. ओळखण्याच्या खुणा दोन. पहिली, घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी त्रास होणे. दुसरी, बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे आणि परत आत गेल्यावर त्रास सुरू होणे.

अशा वेळी खोलीत थांबून कारण शोधू नये, निखाऱ्यांवर पाणी ओतत बसू नये. सर्वांनी आधी बाहेर यावे, जाताना दार उघडे टाकावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून 'बाहेर बसलो, आता बरे वाटते' एवढ्यावर समाधान मानू नये. काही रुग्णांत बरे झाल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यातील अडखळ असे बदल दिसतात. पुढचे सहा आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि तसे काही जाणवल्यास डॉक्टरांना ही घटना आवर्जून सांगावी.

धुराड्यात पाणी येते कुठून?

त्या रात्रीनंतर मी धुराड्याकडे रुग्णासारखे पाहू लागलो. आमच्या भागातल्या एका वृद्ध गवंड्याने मला बरेच शिकवले. ते म्हणाले, "डागाला औषध लावू नका, पाण्याची वाट शोधा." आमच्या शास्त्रातही वेगळे काय सांगतात? ताप उतरवणे सोपे असते, ताप कशाचा हे शोधणे महत्त्वाचे.

पाण्याच्या वाटा साधारण चार असतात. पहिली, उघड्या तोंडातून सरळ पडणारा पाऊस. दुसरी, धुराड्याच्या माथ्यावरचा गिलावा तडकून त्या भेगांतून. तिसरी, धुराडे छपरातून बाहेर येते तो सांधा. आणि चौथी, झिजलेल्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून. जांभा दगड सच्छिद्र असतो, पाणी पितो. पण चुन्याचे सांधे धड असतील तर पाऊस उघडल्यावर तो वाळतोही. सांधे भुसभुशीत झाले की पाणी आत मुरते आणि कित्येक महिने तिथेच राहते.

यांतली वाट कोणती, हे डागाच्या वागण्यावरून बरेचसे कळते. जसा तापाचा तक्ता ठेवतो तसा डागाचा ठेवावा. पेन्सिलीने डागाची कड आखून शेजारी तारीख लिहावी. पाऊस सुरू होताच तासाभरात डाग ओला होत असेल तर तोंड, माथा किंवा छपराचा सांधा दोषी. दोन-तीन दिवस झड लागल्यावर हळूहळू ओल येत असेल तर पाणी भिंतीतून मुरते आहे. पाऊस नसतानाही डाग दमट राहत असेल आणि त्यावर पांढरा लोणा धरत असेल, तर क्षार भिंतीत साठले आहेत किंवा आतली वाफ कोंडते आहे. तरीही उलगडा होत नसेल तर कोरड्या दिवसांत नळीने पाणी सोडून पाहावे. आधी खालच्या भागावर, मग हळूहळू वर, आणि एकाने आत बसून लक्ष ठेवावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळते आणि काही कळत नाही.

दुरुस्ती: झाकावे, पण कोंडू नये

तोंडासाठी उत्तम उपाय म्हणजे कायमची टोपी. धुराड्याच्या माथ्यावर चार आखूड खांब आणि त्यांवर उतरती फरशी किंवा गंज न धरणाऱ्या पत्र्याचे छत. चारही बाजू मोकळ्या, त्यांवर साधारण अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी. या मोकळ्या बाजूंचे एकूण क्षेत्र आतल्या नळीच्या तोंडापेक्षा कमी असता कामा नये. जाळी फार बारीक असेल तर काजळीने बुजते. अजिबात नसेल तर पारवे घरटी करतात. पारव्यांची घरटी धुराची वाट अडवतातच, शिवाय त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे काहींना फुप्फुसाचा चिवट आजार जडतो. जुने घरटे साफ करताना मास्क लावावा, आणि दमेकऱ्याने त्या दिवशी घरात थांबू नये.

माथ्याला बाहेरच्या बाजूस उतार हवा आणि त्याची कड भिंतीच्या दोन इंच तरी पुढे यायला हवी. कडेच्या खालच्या अंगाला एक खाच ठेवली की पागोळी तिथूनच सुटते आणि पाणी भिंतीवर ओघळत नाही. छपराच्या सांध्यावर नुसते सिमेंट थापू नये. ऊन-पावसात छप्पर हलते, भिंत हलत नाही. मधले सिमेंट एका वर्षात तडकते. तेथे पत्र्याच्या दोन पट्ट्या लागतात. एक छपरावरून भिंतीवर चढणारी, आणि दुसरी भिंतीच्या दरजेत खोचून पहिलीवर उतरणारी. धुराडे रुंद असेल तर त्याच्या वरच्या अंगाला दोन्हीकडे उतार देणारी छोटी पाख करून घ्यावी, म्हणजे तिथे पाणी आणि पाला साचत नाही.

दरजा भरताना लोक हमखास एक चूक करतात. चुन्याच्या जुन्या बांधकामात घट्ट सिमेंट भरतात, वर सिमेंटचा गिलावा करतात आणि त्यावर तैलरंग फासतात. पहिले वर्ष छान जाते. पुढे सिमेंटच्या कडेने बारीक भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. वाहत्या जखमेवर घट्ट चिकटपट्टी लावून ठेवण्यासारखे ते आहे. जुना सैल चुना सांध्याच्या रुंदीच्या दुपटीइतका खोल खरवडून काढावा, सांधा भिजवावा, नवा चुना दाबून भरावा आणि काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून उन्हापासून जपावा. चुना सावकाश घट्ट होतो. घाई त्याला मानवत नाही. सर्व दुरुस्ती होऊन भिंत पूर्ण वाळल्यावर, हवे असल्यास, पाणी अडवणारे पण वाफ जाऊ देणारे द्रव्य बाहेरून मारता येते. ते दुकानात सिलेन किंवा सिलोक्झेन या नावांनी मिळते. भेगा बुजवण्याऐवजी मात्र ते कधीच मारू नये.

वेळापत्रकही सांगतो. पावसाळ्यात फक्त निरीक्षण करावे आणि तारखा टिपाव्यात. ऑक्टोबरपासून भिंत वाळू द्यावी. फेब्रुवारी-एप्रिलमध्ये दरजांचे काम उरकावे. मे महिन्यात आतली राख आणि काजळी पूर्ण काढावी; ती हवेतला दमटपणा शोषते, वास मारते आणि लोखंडी झडप गंजवते. दिवाळीआधी, पहिला विस्तव पेटवण्यापूर्वी, नळी वरपासून खालपर्यंत मोकळी आहे ना हे माहीतगार माणसाकडून तपासून घ्यावे. ओलीने सुटलेले चुन्याचे ढेकूळही वाट अडवू शकते.

आणि एक कळकळीची सूचना. साठी ओलांडलेल्या कुणीही या कामासाठी छपरावर चढू नये. शेवाळलेल्या कौलावरून पाय घसरून मोडलेले खुबे मी पाहिले आहेत.

एखाद्या वर्षी ताडपत्री बांधणे टळतच नसेल तर? शस्त्रक्रियेच्या खोलीत पोटात ठेवलेला प्रत्येक कापडी बोळा मोजून फळ्यावर लिहितात आणि टाके घालण्यापूर्वी पुन्हा मोजतात. तोच नियम इथे लावावा. वर ताडपत्री बांधली त्याच दिवशी खाली फायरप्लेसच्या तोंडावर फळी आडवी ठोकावी, तिच्यावर लाल फडके बांधावे आणि 'वरून बंद आहे, पेटवू नये' असे मोठ्या अक्षरांत तारखेसह लिहावे. वरचे निघाल्याखेरीज खालचे काढायचे नाही. मी हे केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

परदेशी मुलांकडे, आणि आपल्या सदनिकेत

मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांसाठी थोडेसे. बर्फाच्या प्रदेशात विटांच्या धुराड्याचा शत्रू पाणी आणि गारठा असा जोडीने येतो. विटेत मुरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, वितळते, पुन्हा गोठते. असे होत विटेचे पापुद्रे सुटतात आणि तुकडे आत पडतात. तिकडे फायरप्लेस कधी पेटवली नाही तरी घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर काही घरांत त्याच धुराड्यातून जातो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकांत धुराड्याची वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे. "या वर्षी तपासणी झाली का, आणि झोपण्याच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा गजर आहे का?" हे मुलाला किंवा सुनेला विचारण्यात संकोच नको.

आता आपल्या शहरांतील सदनिका. न्हाणीघरात गॅसवर चालणारा गिझर, आणि पावसाचे पाणी किंवा गार वारा येतो म्हणून पुठ्ठ्याने, प्लास्टिकने बुजवलेली वरची झडप. माझी ताडपत्री आणि हा पुठ्ठा यांत काहीच फरक नाही. अशा न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या तरुण मुलांविषयीही आपण वर्तमानपत्रांत वाचतो. गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवावा. तसे जमत नसेल तर झडप कायम उघडी ठेवावी आणि बादल्या भरून गिझर बंद केल्यावरच आंघोळीला बसावे. थंडीत शेगडी घेऊन खोलीत झोपणे तर सर्वथा वर्ज्य. त्यापेक्षा लोकरी टोपी, पायमोजे आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बरी. मधुमेह असलेल्यांनी मात्र पिशवी पायांशी ठेवू नये. संवेदना कमी असल्याने भाजलेले कळत नाही.

एवढे लक्षात ठेवावे

• पाणी अडवताना हवेची, वाफेची आणि धुराची वाट कधीही बंद करू नये.
• तात्पुरते झाकले तर खाली खूण बांधावी, तारीख लिहावी, घरातल्या दोघांना तरी सांगावे.
• निखारे धुमसत असताना झोपू नये. खिडकी थोडी उघडी ठेवावी.
• एकाच वेळी दोघांचे डोके दुखले तर आधी बाहेर, मग बाकी सारे. ऑक्सिमीटरवर विसंबू नये.
• भिंतीच्या ओलीविषयी डॉक्टरांना आपणहून सांगावे.

देखभाल करणाऱ्यांना शेवटी एक सांगायचे आहे. त्या रात्री मी आईला विचारले, बाबांचे विचारले. मावशींना काही विचारले नाही. आणि त्यांनीही, आपले दुखणे सांगण्याजोगे नाही असे समजून ते जवळजवळ गिळून टाकले होते. जो रुग्णाशेजारी चोवीस तास असतो त्याला काय होते आहे, हे रुग्णाच्याच तपासणीचा भाग आहे. तेव्हापासून घरून फोन आला की मी ऑक्सिमीटरचा आकडा विचारण्याआधी विचारतो, "तुमच्याजवळ कोण आहे? त्यांना बरं आहे ना?"

बाबा त्यानंतर तीन वर्षे होते. महाबळेश्वरच्या धुराड्यावर आता दगडी टोपी आहे आणि भिंतीवरच्या डागाची पेन्सिलीने आखलेली कड पाच पावसाळे जागची हललेली नाही. ती पुसायला मावशी मला देत नाहीत. म्हणतात, "राहू द्या. तुमच्या ध्यानात राहील."